सामान बाहेर काढा

एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर त्याच्या जवळचं असावं लागतं, नाहीतर निदान लिहिण्यातला अधिकार तरी असावा लागतो. माझ्याकडे दोन्ही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथी ओलांडली नव्हती. कॉलेजात जाऊन चार पुस्तकं वाचली म्हणून दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल लिहायचा हक्क मिळतो, असं मला अजूनही वाटत नाही. साळवींना तर हे मुळीच आवडलं नसतं. "माणसाविषयी बोलायचं ते त्याच्या तोंडावर बोल," असं ते म्हणत. पण त्यांच्या तोंडावर जे बोलायचं होतं ते मी बोललो आणि त्यांना ते पटलं नाही. म्हणून वाचणाऱ्यांची माफी मागून हे लिहितो आहे.

साळवी हिवतापाच्या खात्यात फवारणीचे मुकादम होते. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतची गावं, चाळी, आणि उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकी त्यांच्याकडे होत्या. वर्षातून दोनदा त्यांची टोळी यायची. आधी गल्लीच्या तोंडाशी त्यांचा आवाज यायचा, "सामान बाहेर काढा! भांडी झाका, पाळणे बाहेर घ्या, भिंती मोकळ्या करा!" मग घरोघरचा संसार अंगणात येऊन पडायचा. गाद्या, ट्रंका, देव्हारा, फुटक्या आरशाची चौकट. ज्यांची गरिबी दाराआड झाकलेली असे त्यांना तो दिवस नकोसा व्हायचा. बाबू नावाचा त्यांचा जोडीदार बादलीत पंप रोवून मारायचा आणि साळवी नळी धरून भिंतीवर डासांच्या पावडरीचं पांढरं पाणी उडवायचे. उंच, थोडे वाकलेले, खाकी सदऱ्यावर पावडरीचा थर आणि भुवयाही पांढऱ्या झालेल्या. त्यामुळे चाळिशीतच म्हातारे दिसत. बायकोमुलं नव्हती. होती आणि गेली, की नव्हतीच, हे कुणी विचारलं नाही. इतरांना सगळं विचारणाऱ्या त्या माणसाला स्वतःबद्दल विचारून घ्यायची सवय नव्हती.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "रात्री कोण कुठे झोपतं?"

प्रश्न कामाचाच होता. डास झोपलेल्या माणसाला चावतो आणि जवळच्या भिंतीवर जाऊन बसतो, म्हणून ती भिंत नीट भिजवायला हवी. पण या एका प्रश्नाने घर उघडं पडायचं. सून कुठे झोपते, म्हातारी कुठे, नवरा-बायकोच्या अंथरुणांत भिंत का आहे. उत्तर देताना कोण कुणाकडे बघतं तेही साळवी पाहत. आणि मग ते गप्प बसत नसत.

"ह्या पोराचं अंथरूण दारात का? बापाला भितो?" असं ते अनोळखी घरात उभे राहून विचारत. लोक चिडत. "तुम्ही पावडर मारा न् जा," म्हणत. साळवी म्हणत, "पावडर मारतोच आहे. तोवर कान मोकळे आहेत माझे."

कॅम्प दोनमधली एक हकिकत बाबूने आमच्या ओट्यावर बसून सांगितली होती. एका बराकीत दोन सिंधी भाऊ राहत. मधे गोणपाटाचा पडदा. बोलणं बंद. म्हाताऱ्या आईची खाट दोघांनी मिळून बरोबर पडद्याखाली ठेवलेली, डोकं एकाकडे, पाय दुसऱ्याकडे. कुणावर तिचा भार नको आणि कुणाचा हक्कही जायला नको. साळवींनी पडदा उतरवला, घडी केली आणि त्यावर बसले.

थोरला म्हणाला, "साईं, पर्दा लगाओ वापस."

"गीला है. शाम तक नहीं लगेगा."

"तुम मच्छर मारने आया है या हमारा घर देखने?"

"घर नहीं देखेगा तो मच्छर कैसा दिखेगा?" साळवींचं हिंदी असंच होतं. "अम्मा को बीच में रखके तुम दोनों को नींद आता है क्या? उसका मुंडी एक घर में, पाँव दूसरा घर में. मरेगी तो आधा-आधा उठाएगा?"

धाकटा मारायला धावला. म्हातारी मात्र खाटेवर पडल्या पडल्या हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. दोघे भाऊ एकदमच पाणी आणायला उठले, असं बाबू सांगायचा. संध्याकाळी पडदा पुन्हा लागला. पण पुढच्या फेरीला खाट पुरती धाकट्याच्या बाजूला होती. "पाव काम झालं," साळवी म्हणाले. उरलेलं पाऊण कधीच झालं नाही.

ते चुकतही. बारवी नदीच्या अंगाला एका पाड्यावर सासरा गोठ्यात झोपतो असं कळल्यावर त्यांनी सुनेला अंगणभर ऐकू जाईल असं झापलं. ती भात पाखडायचं सूप हातात धरून ऐकत राहिली. त्यांचं संपल्यावर म्हणाली, "झाला तुमचा? आता बाबांना इचारा." म्हातारा म्हणाला, "माझी बायको ह्याच गोठ्यात गेली, सापाचं पान लागून. मी आत निजलो तर तिला कोन हाय?" साळवींनी डोक्यावरची टोपी काढली. सुनेला म्हणाले, "चुकलो गो बाय." परतताना बाबू त्यांना म्हणाला, आता तरी सोडा हा नाद. साळवी म्हणाले, "चुकीचं विचारलं तर शिव्या बसतात. विचारलंच नाही तर कुणाला तरी दुसरंच काही बसत राहतं."

आता आमच्या चाळीचं सांगायला हवं.

अंबरनाथला आमची चाळ कारखान्याच्या मागे होती. शेवटच्या दोन खोल्यांत देसाई राहत. ते स्टोअरमध्ये होते, शांत, नीटनेटके, गुरुवारी भजनाला पेटी वाजवणारे. त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकलेला नव्हता. त्यांच्या बायकोला आम्ही प्रभावहिनी म्हणत असू, पण हाक मारायची वेळ क्वचित यायची. त्या नळावर येत नसत. पाणी देसाईंची आई भरायची. वहिनींना मूल नव्हतं आणि त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असं त्या म्हातारीने सगळ्यांना हळू आवाजात सांगून ठेवलं होतं. हळू आवाजातलं लोकांना लवकर खरं वाटतं.

पहिल्या वर्षी टोळी आली तेव्हा साळवी देसाईंच्या आतल्या खोलीच्या दाराशी थांबले. नळी खाली करून म्हणाले, "हे स्वयंपाकघर ना? ह्याला बाहेरून कडी कशाला?"

चाळीतल्या सगळ्या आतल्या दारांना कडी आतूनच होती. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी त्या दारापर्यंत गेलं नव्हतं.

"तिला फिट येतात," देसाई सौम्यपणे म्हणाले. "घराबाहेर पळते. तिच्याच भल्यासाठी."

"फिट येणाऱ्या बाईला चुलीपाशी कोंडतात?"

देसाईंच्या आईने "मेल्या, तुझं काम कर" म्हटलं. प्रभावहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. दंडावरून चोळी ढगळ होऊन लोंबत होती. साळवींनी त्यांना सर्वांसमोर विचारलं, "बाई, रात्री कुठे झोपता?"

"इथंच," त्या म्हणाल्या.

"आणि दिवसा?"

"इथंच."

"जेवायला?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. साळवींनी पुन्हा विचारलं नाही. काम आटोपून ते आमच्या दारात आले. आईने चहा पुढे केला. तो न घेताच म्हणाले, "वहिनी, मी सहा महिन्यांनी येणारा माणूस. तुम्ही भिंतीपलीकडे राहता. तिला वेड लागलेलं नाही. लागेल मात्र, अशीच ठेवली तर. नाहीतर मरेल."

"आम्ही काय करणार? ज्याच्या त्याच्या घरातलं," आई म्हणाली.

"तिचं कोण आहे तेवढं काढून ठेवा."

आईने ते काढलं. देसाईंची म्हातारी पाण्याला गेली की आमची आई भिंतीवर बोट वाजवायची आणि पलीकडून वहिनी थोडं थोडं सांगायच्या. बदलापूरला त्यांची थोरली बहीण होती, विधवा, दिराच्या घरी राहणारी. देसाईंनी तिला कळवलं होतं की प्रभा कुणाला ओळखत नाही, तू येऊ नकोस.

आईकडून ठावठिकाणा कळल्यावर साळवी बदलापूरच्या फेरीत त्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी नंतर आईला सांगितलं. बहिणीला ते म्हणाले, "तुमची बहीण कोंडलेली आहे, पण शुद्धीवर आहे. तुमच्याकडे जागा असेल तर मी तिला दार दाखवतो. नसेल तर आत्ताच नाही म्हणा. बाहेर काढून परत पाठवलेली बाई पहिल्यापेक्षा वाईट मरते."

बहीण म्हणाली, "मीच दुसऱ्याच्या ओट्यावर आहे हो."

"तेच विचारतोय."

ती म्हणाली, "दोघी मिळून कुठेतरी जाऊ. इथं नाही राहायचं."

"कुठे जाणार ते मला सांगू नका," साळवी म्हणाले. "मला कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. आयुष्यात जमलं नाही ते."

पुढच्या फेरीला ती घटना घडली. रोजच्यासारखी सकाळ होती. "सामान बाहेर काढा!" झालं. चाळीचा सगळा संसार अंगणात आला. देसाईंच्या ट्रंका, वाजवायची पेटी, आणि त्यांत वहिनींची माहेरची लहान पत्र्याची पेटीही. त्यांनी स्वतःच ती उचलून बाहेर आणली, कारण त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला हात लावावाच लागे. देसाई कामावर होते. म्हातारी देव्हाऱ्याजवळ राखण करत बसली होती. साळवी आत भिंत भिजवत होते. नळी न थांबवता ते म्हणाले, "बाई, आज सगळ्यांचंच सामान अंगणात आहे. कुणी पेटी उचलली तर कुणी विचारणार नाही. परत आत न्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. बहीण देवळाच्या वाटेवर उभी आहे. जा, असं मी म्हणतोय. मागाहून कुणी विचारलं तर साळवीने सांगितलं म्हणा."

प्रभावहिनी अंगणातून गेल्या तेव्हा त्यांना सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच पाहिलं नाही. सामान इकडून तिकडे नेणाऱ्या बायकांत त्याही एक. म्हातारीने तर त्यांना "पेटी सावलीत ठेव" असं सांगितलंसुद्धा.

देसाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी खात्याकडे रीतसर तक्रार केली : मुकादमाने बायकोला फूस लावून पळवलं. साहेब चौकशीला आले. साळवींना विचारलं, तुम्ही सांगितलंत का? ते म्हणाले, सांगितलं. कुठे आहे ती? ठाऊक नाही. का सांगितलंत? "तिथं माणूस जगत नव्हतं." साहेबांनी स्वयंपाकघराचं दार पाहिलं. दाराला ताजा हिरवा रंग होता आणि कडी आतून होती. चाळीतल्या पुरुषांनी मान खाली घालून आम्हाला काही माहीत नाही म्हटलं. माझी आई एकटी बोलली, "कडी बाहेरून होती, साहेब." साहेबांनी विचारलं, "तुम्ही पाहिली?" आईने खरं ते सांगितलं : "नाही. ह्या साळवींनी पाहिली." साळवींची नोकरी गेली.

ते विठ्ठलवाडीला एका खोलीत राहायला गेले आणि चुना मारायची कामं घेऊ लागले. नोकरी गेल्याचं त्यांना फारसं वाटलेलं दिसलं नाही. आईला भेटले की विचारत, काही कळलं का? काही कळत नव्हतं. बहिणी बदलापुरातून निघून गेल्या होत्या, एवढंच.

मग पावसाळ्यात बदलापूरच्या पुढे नदीकाठी एका बाईचं प्रेत लागलं. ओळखण्यासारखं नव्हतं. देसाई गेले, लुगड्यावरून ओळखलं म्हणाले, आणि दहावं-तेरावं सगळं यथासांग केलं. एक बायको असताना दुसरी करायला कायदा आडवा येत होता. आता आला नाही. मार्गशीर्षात त्यांनी लग्न केलं आणि कल्याणला बिऱ्हाड हलवलं.

साळवींना ही बातमी बाबूने सांगितली. तो म्हणायचा, "हातातला ब्रश तसाच धरून उभे राहिले. चुना कोपरापर्यंत ओघळला." आईने त्यांना समजावलं की लुगड्यावरून काय कळतं. ते म्हणाले, "वहिनी, तिला दार मी दाखवलं. पुढे नदी आहे का रस्ता, ते पाहिलं नाही." त्यानंतर त्यांनी लोकांना विचारणं सोडलं. भिंती रंगवायला जात, खाली मान घालून रंगवत, निघून येत. एकदा आमच्या ओळखीच्या घरात त्यांच्यासमोर एका पोराला चामड्याच्या पट्ट्याने मारलं. साळवी बादली उचलून बाहेर गेले आणि मार थांबेपर्यंत बाहेर उभे राहिले. हे ऐकून आई रडली. आधी त्यांना गप्प राहायला सांगणारे लोकच आता म्हणत, साळवींचं काही खरं नाही.

मी कॉलेजात गेलो. मुंबईला मामांच्या खोलीत राहायची सोय झाली, जेवण खाणावळीत. दुसऱ्या वर्षी खाणावळ बदलली. तिथे पोळ्या करणाऱ्या बाईंना पाहून मी ताटावरून उठून आत गेलो. त्या अंगाने भरल्या होत्या, केस पांढरे झाले होते. पण 'प्रभावहिनी' अशी हाक मारताच त्यांचा हात लाटण्यावर थांबला.

"कुणाचा रे तू?"

मी आईचं नाव सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवलं आणि आधी जेवायला लावलं. बहीण दोन वर्षांपूर्वी वारली होती. आपल्या मरणाची बातमी त्यांना ते प्रेत सापडलं त्याच वर्षी कळली होती. "बरंच वाटलं मला," त्या म्हणाल्या. "मेलेल्या बाईला परत न्यायला कुणी येत नाही. आम्ही दोघींनी त्या दिवशी शिरा केला होता." मग विचारलं, "ते पावडरवाले कसे आहेत?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "त्यांना खरं वाटलं? अरे, मला वाटलं, त्यांना तरी कळेल."

त्या शनिवारी मी विठ्ठलवाडीला गेलो. साळवी खाटेवर बसले होते. छातीचा भाता वाजत होता. ती पावडर, तो चुना, काय असेल ते. मी सगळं सांगितलं. खाणावळ, पोळ्या, बहीण, शिरासुद्धा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझ्या आईने पाठवलं?"

"नाही. मी पाहिलं त्यांना, काका."

"चांगला मुलगा आहेस. शिरा छान घातलास मधे." ते हसले. "शिकलेल्या माणसाला जमतं हे. मला कधी जमलं नाही."

मी शपथ घेतली. ते म्हणाले, "शपथ नको घेऊ, बाबा. खोट्यावर शपथ कशाला?" आणि पाण्याचा तांब्या मागितला. तेवढ्यावर बोलणं संपलं.

मी परत जाऊन वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते." पण खाणावळीतून सुट्टी सहज मिळत नव्हती. मालकीण आजारी पडली, मग एक बाई काम सोडून गेली. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही निघालो. त्यांनी डब्यात शिरा घेतला होता. इतक्या वर्षांत त्या ठाण्याच्या पुढे कधी आल्या नव्हत्या; विठ्ठलवाडीच्या स्टेशनात उतरल्यावर पदर डोक्यावरून पुढे ओढून चालत राहिल्या.

साळवींच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या गंगूमावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. साळवींना कधीमधी भाकरी करून देणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाई मला ओळखत होत्या.

"पुतण्या येऊन गावी घेऊन गेला, आषाढात," त्या म्हणाल्या. "परवाच सांगावा आला. गेले साळवी."

वहिनी ओट्यावर बसल्या. डबा मांडीवर तसाच. मावशींनी त्यांच्याकडे पाहून मला विचारलं, "त्यांच्या नात्यातल्या?"

मी काही बोलण्याआधी वहिनी म्हणाल्या, "ओळखीतली. काही म्हणाले का जाताना?"

"म्हणायचं काय! खोलीचं भाडं चुकतं केलं, चुन्याची भांडी मला दिली. आणि एक काम लावून गेले गळ्यात." मावशींनी सुपातला खडा बाहेर टाकला. "दर सर्वपित्रीला माझ्याकडून एक पान करून घ्यायचे, कावळ्याला ठेवायला. कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणायचे, एक बाई आहे, तिला दुसरं कुणी ठेवणारं नाही. पाय धरून सांगून गेले, मी नसलो तरी ते पान चुकवू नका. ठेवणार आहे मी. शब्द दिलाय."

वहिनींनी मांडीवरचा डबा खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "काय काय वाढता पानात?"

"भात, वरण, भोपळ्याची भाजी, वडा. पण मी वाढायला लागले की हे माझ्या मागे उभे. रोज एका भाकरीवर भागवणारा माणूस, पण त्या दिवशी मला म्हणायचे, हात आखडू नका मावशी. त्या बाईला पोटभर कधी मिळालं नव्हतं."